एक दप्तर, दोन वस्त्या

हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीमुळे वाढलेले परतवाडा आणि इमादशाहीत वऱ्हाडची राजधानी म्हणून मिरविलेले एलिचपूर, म्हणजेच अचलपूर, या दोन भिन्न प्रकृतींच्या वस्त्यांचा कारभार आज एकाच नगरपरिषदेच्या दप्तरात नांदतो. २०११ च्या जनगणनेत १,१२,३११ लोकसंख्या भरल्याने, लाखाची मर्यादा ओलांडणारी ही नगरपरिषद ‘अ’ वर्गात मोडते. तिची सनद म्हणजे १९६५ चा राज्य अधिनियम. पाणी, दिवाबत्ती व सफाई ही आवश्यक कर्तव्ये. मालमत्ता कर बसविण्याचा अखत्यार सभेचा. ठरावांची अंमलबजावणी मात्र शासननियुक्त मुख्याधिकाऱ्याकडे. आणि जनतेने थेट निवडलेला अध्यक्ष या दोहोंच्या मधोमध, मानाने मोठा, परंतु (आमच्या मते हेतुपुरस्सरच) रोजच्या अंमलापासून हातभर दूर.