विश्लेषण : पिकअपवर कॅम्पर बसवला, आता टायर कोणते घ्यायचे? साइज तीच असूनही भार पेलण्याची ताकद वेगळी कशी?

पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवायची छोटी खोली म्हणजे ट्रक कॅम्पर. पलंग, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी, काही मॉडेलमध्ये शौचालयसुद्धा. उत्तर अमेरिकेत ही हौस अनेक दशकांपासून रुजलेली आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणल्यानंतर चाकांवरच्या घराची चर्चा आपल्याकडेही सुरू झाली. अशा गाडीचे टायर झिजले की बहुतेक जण जुन्या टायरवरची साइज वाचतात आणि त्याच साइजचे नवे टायर मागतात. कॅम्पर वाहणाऱ्या गाडीसाठी एवढे पुरेसे नाही. का, ते समजून घेऊ या.

कॅम्परचे वजन इतर मालापेक्षा वेगळे का?

मालवाहू पिकअप सकाळी भरते आणि दुपारपर्यंत रिकामी होते. कॅम्पर मात्र प्रवास संपेपर्यंत हौद्यातच असतो. लहान, छत दुमडणारा कॅम्पर साधारण ५०० किलोंचा असतो, तर मोठे कॅम्पर दीड टनाच्याही पुढे जातात. त्यात पाणी, गॅस सिलिंडर, बॅटरी, किराणा आणि कपडे यांची भर पडते. १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो वाढले.

यातला बहुतेक भार मागच्या अॅक्सलवर येतो. शिवाय कॅम्पर उंच असतो, त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. वळणावर किंवा शेजारून मोठा ट्रक वेगात गेला की गाडी डुलते. टायरची बाजूची भिंत मऊ असेल तर हे डुलणे आणखी वाढते.

साइज तीच, मग फरक कुठे?

२६५/७० आर १७ ही पिकअपमध्ये सर्रास दिसणारी साइज आहे. टायरची रुंदी २६५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, रचना रेडियल आणि रिम १७ इंचाची, असा त्याचा अर्थ. वजनाचा आकडा त्यानंतर येतो आणि तोच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

या साइजच्या प्रवासी गाडीच्या एका प्रकारच्या टायरवर पुढे ११५ असा आकडा असतो. हा लोड इंडेक्स. ११५ म्हणजे एका टायरवर कमाल १,२१५ किलो. याच साइजच्या आधी ‘एलटी’ म्हणजे लाइट ट्रक अशी अक्षरे असतील आणि लोड रेंज ‘ई’ असेल, तर पुढे १२१/११८ असे दोन आकडे दिसतात. १२१ म्हणजे १,४५० किलो. ११८ म्हणजे १,३२० किलो, पण हा आकडा मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन चाके असलेल्या गाड्यांसाठी असतो.

म्हणजे एका टायरमागे २३५ किलोंचा आणि एका अॅक्सलमागे ४७० किलोंचा फरक. त्यात प्रवासी गाडीचा टायर पिकअपला लावला तर अमेरिकी नियमांनुसार त्याची क्षमता १.१ ने भागून धरावी लागते. १,२१५ किलोंचे मग जेमतेम १,१०५ किलो उरतात. दुकानाच्या रॅकवर दोन्ही टायर जवळपास सारखेच दिसतात.

आपल्या गाडीला किती क्षमता लागेल, हे कसे ठरवायचे?

अंदाजाने नाही, काट्यावर. पाण्याची टाकी भरायची, सामान नेहमीसारखे लादायचे, डिझेल किंवा पेट्रोल पूर्ण भरायचे, माणसे बसवायची आणि गाडी वजनकाट्यावर न्यायची. आधी पूर्ण गाडीचे आणि मग फक्त मागच्या चाकांचे वजन घ्यायचे. अमेरिकेतल्या ट्रक थांब्यांवरचे काटे एकाच वेळी प्रत्येक अॅक्सलचे वेगळे वजन देतात.

उदाहरणादाखल, मागच्या अॅक्सलवर २,६०० किलो भरले असे समजू. दोनने भागले की प्रत्येक टायरवर १,३०० किलो. पण कॅम्परमध्ये फ्रिज आणि टाकी एकाच बाजूला असतील तर एका टायरवर १,३६० आणि दुसऱ्यावर १,२४० किलो येऊ शकतात. टायर निवडायचा तो जास्त भाराच्या बाजूवरून. इथे ११५ इंडेक्सचा टायर दोन्ही बाजूंना नापास होतो. १२१ चा पास होतो, पण जड बाजूला त्याच्याकडे फक्त ९० किलोंची शिल्लक राहते.

शिल्लक फार कमी वाटत असेल तर पहिला उपाय सामान कमी करण्याचा. मुक्कामाच्या ठिकाणी पाणी मिळणार असेल तर टाकी अर्धीच भरून निघता येते.

हवेचा दाब इतका महत्त्वाचा का?

टायरवर लिहिलेली क्षमता ठरावीक दाबालाच मिळते. भार खरे तर आतली हवा पेलते, रबर आणि तारा त्या हवेला धरून ठेवतात. लोड रेंज ‘ई’च्या एलटी टायरला १,४५० किलो पेलण्यासाठी ८० पीएसआय हवा लागते. ५० पीएसआयला हाच टायर साधारण १,१२० किलोच पेलतो. म्हणजे महागडा एलटी टायर घेऊन त्यात कमी हवा ठेवली तर तो प्रवासी टायरच्या कमाल क्षमतेच्याही खाली येतो. उलट साध्या प्रवासी टायरची क्षमता ३५-३६ पीएसआयला संपते. त्यापुढे हवा वाढवली तरी क्षमता वाढत नाही.

हवा कमी असली की प्रत्येक फेरीत टायरची भिंत जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. तार सारखी पुढे-मागे वाकवली की ती गरम होते, तसेच इथे घडते. ही उष्णता आतल्या पोलादी पट्ट्या आणि रबर यांच्यातली पकड सैल करत जाते. शेवटी वरची नक्षी पट्ट्यासकट सुटून येते. हे नुकसान आतून होत असल्याने सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही.

याची किंमत काय असते, हे अमेरिकेने पाहिले आहे. ९ ऑगस्ट २००० रोजी ब्रिजस्टोन-फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या गाडीला होते. नक्षी सुटून झालेल्या अपघातांशी तिथल्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने २७० हून अधिक मृत्यू जोडले. फोर्डने या गाडीसाठी २६ पीएसआय दाब सुचवला होता, तर टायर कंपनीचा आग्रह ३० पीएसआयचा होता. दोष टायरचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला. उष्ण हवामान, वेग, भार आणि कमी हवा यांचे एकत्र येणे किती घातक ठरते, हे मात्र त्यातून जगापुढे आले.

डॅशबोर्डवरचा दिवा पुरेसा नाही का?

त्या प्रकरणानंतर अमेरिकेत कायदा झाला आणि नव्या गाड्यांना हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, सक्तीची झाली. पण तिथल्या नियमानुसार, कंपनीने ठरवलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्क्यांनी कमी झाली की दिवा लागणे बंधनकारक आहे. कंपनीचा आकडा ६० पीएसआय असेल तर दिवा ४५ ला लागेल. कॅम्परसाठी ७५ पीएसआय लागत असतील तर ६० ला आलेला टायर धोक्यात असूनही दिवा गप्प राहील. म्हणून गेज जवळ ठेवणे आणि हवा टायर थंड असताना, शक्यतो सकाळी निघण्यापूर्वी तपासणे आवश्यक.

चालून गरम झालेल्या टायरचा दाब वाढतोच. ८० पीएसआयच्या टायरमध्ये दर १० अंश सेल्सिअसला सुमारे ३ पीएसआय वाढ होते. वाटेत आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडली, तर टायर थंड झाल्यावर दाब गरजेपेक्षा कमी भरतो.

जास्त ताकदीचा टायर घातला की गाडी जास्त वजन घेते का?

नाही. हा सर्वात महागात पडणारा गैरसमज आहे. अॅक्सल, स्प्रिंग, ब्रेक आणि रिम यांची मर्यादा वेगवेगळी असते आणि यातली सर्वात कमी मर्यादा हीच गाडीची मर्यादा. ती चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. टायर बदलल्याने तो आकडा बदलत नाही.

रिमलाही कमाल वजन आणि कमाल दाब असतो. व्हॉल्व्हकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. रिममध्ये दाबून बसवलेले साधे रबरी व्हॉल्व्ह साधारण ६५ पीएसआयपर्यंतचेच असतात. ८० पीएसआयचे टायर घेतले तर जास्त दाबाचे धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्यावे लागतात.

नक्षी, तारीख आणि जोडी यांत काय पाहायचे?

कॅम्परचा बहुतांश प्रवास डांबरी किंवा काँक्रीट रस्त्यावर होतो. त्यासाठी हायवे किंवा सौम्य ऑल-टेरेन नक्षी योग्य. चिखलासाठीच्या खोल, मोठ्या बटणांच्या टायरमध्ये रबराची हालचाल जास्त होते. त्यामुळे डुलणे, आवाज आणि उष्णता तिन्ही वाढतात.

कॅम्परची गाडी वर्षातले बरेच महिने उभी असते. नक्षी शिल्लक राहते, रबर मात्र म्हातारे होते. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे पाहावेत. २३२४ म्हणजे २०२४ मधला तेविसावा आठवडा. काही वाहन कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, तर काही टायर कंपन्या दहा वर्षे ही कमाल मर्यादा मानतात. एका अॅक्सलवर दोन्ही टायर एकाच प्रकारचे हवेत. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावावेत. स्टेपनीचा लोड इंडेक्सही तोच असायला हवा.

आपल्याकडे हे हिशेब लागू होतात का?

लोड इंडेक्सचे आकडे जगभर सारखेच आहेत. आपल्याकडे व्यावसायिक टायरवर त्यासोबत ८ पीआर, १० पीआर असे प्लाय रेटिंगही दिसते. बोलेरो कॅम्पर हे मात्र दोन रांगांच्या पिकअपचे नाव आहे, राहण्याच्या खोलीशी त्याचा संबंध नाही.

भारतात मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. त्यामुळे काही बसवण्याआधी आरटीओकडे विचारणा करणे शहाणपणाचे. मर्यादेपेक्षा जास्त माल लादल्यास कलम १९४ नुसार २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये लागतात. चारचाकीच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर नियमात बसत नाही.

समृद्धी महामार्गासारख्या लांबलचक काँक्रीट रस्त्यावर मे महिन्याच्या दुपारी, तासन् तास एकाच वेगाने चालताना जुन्या किंवा कमी हवेच्या टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. २०२३ मध्ये तिथे आरटीओच्या पथकांनी टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती याच कारणाने.

दुकानात जाताना म्हणून तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : काट्यावर आलेले मागच्या अॅक्सलचे वजन, स्टिकरवरची अॅक्सलची मर्यादा आणि सध्याच्या टायरचा लोड इंडेक्स. दुकानदाराला आधी विचारायचे, की या वजनाला हा टायर किती पीएसआयवर चालेल. भाव त्यानंतर.