मद्रास क्रोकोडाइल बँक : मगरींची वाढलेली शिल्लक

चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेला निघाले की सुमारे ४० किलोमीटरवर, महाबलीपुरमच्या अलीकडे, वडनेम्मेली गाव लागते. तिथे रस्ता आणि बंगालचा उपसागर यांच्यामधल्या साडेआठ एकर वाळूवर मद्रास क्रोकोडाइल बँक उभी आहे. रोम्युलस व्हिटेकर आणि झाई व्हिटेकर यांनी ती १९७६ मध्ये सुरू केली. दोघांचेही मुंबईशी जुने नाते. रोम्युलस लहानपणी अमेरिकेतून मुंबईत आले. झाई या पक्षितज्ज्ञ झफर फत्तेहअली यांच्या कन्या. क्रोकोडाइल बँकेआधी रोम्युलस यांनी चेन्नईत सर्पोद्यान उभारले होते.

मगर, सुसर म्हणजे घडियाल आणि खाऱ्या पाण्यातली मगर अशा तीन जाती भारतात आढळतात. कातड्यासाठी झालेली शिकार, मासेमारीची जाळी आणि नद्यांवरची धरणे यांमुळे १९७०च्या दशकापर्यंत तिन्हींची अवस्था बिकट झाली होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली आणि १९७५ मध्ये सरकारी मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला. क्रोकोडाइल बँकेमागचा विचार सरळ होता. थोड्या मगरी सुरक्षित जागी ठेवायच्या, त्यांची पैदास करायची आणि वाढलेली पिल्ले पुन्हा नद्या-तलावांत सोडायची.

प्रवेशद्वारातून आत गेल्यावर झाडांच्या सावलीतली तळी आणि त्यांच्या काठची वाळू दिसते. त्या वाळूवर मगरी एकमेकींवर रेलून, जबडा उघडा टाकून पडलेल्या असतात. उघड्या जबड्यातून उष्णता बाहेर पडते आणि डोके थंड राहते. माणसांच्या गजबजाटाने त्या सहसा हलत नाहीत. पाण्यातला एखादा ओंडका अचानक डोळे मिटतो, तेव्हा तिथे मगर असल्याचे पाहणाऱ्याच्या लक्षात येते.

मादी वाळूत खड्डा करून अंडी घालते. अंडी फुटायची वेळ आली की पिल्ले आतूनच आवाज देतात. मग मादी वाळू उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेते. नरही हे काम करतो, असे येथील निरीक्षणांतून दिसून आले. मादी एकाच हंगामात दोनदा अंडी घालू शकते, हेही इथेच नोंदवले गेले. पिल्लू नर होणार की मादी, हे अंडी उबवतानाच्या तापमानावर ठरते. २८ ते ३१ अंश सेल्सिअसला फक्त माद्या निपजतात, तर ३२.५ अंशांच्या आसपास बहुतांश नर.

मगरींच्या डोक्यावरच्या झाडांत बगळे घरटी बांधतात. त्या काळात काही मगरी नाकाडावर काटक्या घेऊन उथळ पाण्यात निपचित पडून राहतात. घरट्यासाठी काटकी उचलायला बगळा जवळ आला की मगर झेप घेते. काटकीचा आमिष म्हणून वापर होतो, असा निष्कर्ष संशोधकांनी २०१३ मध्ये मांडला. त्याला येथील निरीक्षणांचा आधार होता.

सुसरीचा थाट वेगळा. तिचा लांब, चिंचोळा जबडा मासे पकडण्यासाठी असतो आणि प्रौढ नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा फुगवटा येतो. खाऱ्या पाण्यातल्या मगरींपैकी ‘जॉज थ्री’ हा पाच मीटरच्या घरातला नर इथला सर्वांत प्रसिद्ध रहिवासी. परदेशी मगरी, कासवे, सरडे आणि अजगरही इथे पाहायला मिळतात.

आवारातच इरुळा सर्पविष सहकारी संस्थेचे केंद्र आहे. इरुळा ही तमिळनाडूतली परंपरेने साप पकडणारी जमात. सापांच्या कातड्याचा व्यापार बंद झाल्यावर तिच्या उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. १९७८ मध्ये व्हिटेकर यांच्या प्रयत्नांतून सहकारी संस्था स्थापन झाली आणि सापाला मारण्याऐवजी त्याचे विष विकण्याची वाट मिळाली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप मातीच्या मडक्यांत, तोंडाला कापड बांधून ठेवले जातात. विष काढताना साप मानेशी धरून त्याचे दात भांड्यावर ताणलेल्या पातळ पडद्यात रुतवले जातात आणि पिवळसर थेंब आत उतरतात. सुमारे तीन आठवड्यांत काही वेळा विष काढून, पोटाच्या खवल्यावर खूण करून सापाला जंगलात सोडले जाते. पुन्हा तोच साप हाती लागला, तर खुणेवरून ओळखू येतो. वाळवलेले विष प्रतिविष बनवणाऱ्या संस्थांकडे जाते. तिथे ते अल्प मात्रेत घोड्यांना टोचतात आणि त्यांच्या रक्तातून सर्पदंशावरचे औषध तयार होते.

पैदास अपेक्षेपेक्षा अधिक यशस्वी झाली आणि त्यातूनच अडचण उभी राहिली. सुरुवातीच्या वर्षांत मगरी निसर्गात सोडल्या गेल्या. पुढे त्यांना सोडण्याजोगे सुरक्षित पाणवठेच उरले नाहीत आणि १९९०च्या दशकात हे काम थांबले. आवारातल्या मगरींची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली, पैदास मुद्दाम रोखावी लागली. अखेर एक हजार मगरी गुजरातेतल्या जामनगरच्या खासगी बचाव केंद्रात हलवण्यास परवानगी मिळाली. तिला आव्हान देणारी याचिका मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फेटाळली.

त्यामुळे संस्थेच्या कामाचा मोठा भाग आता कुंपणाबाहेर चालतो. चंबळ नदीत सुसरींच्या हालचालींचा अभ्यास होतो, अंदमानात आणि कर्नाटकातल्या आगुंबेच्या पावसाळी जंगलात संशोधन केंद्रे उभी राहिली, गावोगाव सर्पदंशाविषयी प्रबोधन होते. बंदिस्त जागेत मगरींची संख्या वाढवणे तुलनेने सोपे. त्यांना वाहती नदी आणि मोकळा काठ मिळवून देणे हे अवघड काम अजून बाकी आहे.