कानस मिळते, हात मिळत नाही

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात कानस मागा. चपटी, गोल, अर्धगोल, खरबरीत, बारीक, हवी ती समोर येईल. लोखंड घासणारे, कापणारे, वळवणारे हजारो हात या पट्ट्यात रोज पाळीला लागतात. पण गाढवाचा वाढलेला खूर कापून, घासून द्यायला माणूस हवाय असं विचारलं, तर दुकानदार आधी हसेल आणि मग विचारेल, ‘इथं गाढवं आहेत अजून?’

आहेत. पिंपरी-चिंचवडच्या अरुंद गल्ल्यांत जिथे डंपर वळत नाही, तिथे वाळू आणि विटा अजूनही गाढवाच्या पाठीवरून जातात. शहराच्या कडेला वीटभट्ट्या आहेत. लग्नसराईत नवरदेवाची घोडी सजते आणि चार महिन्यांनी कुठल्या तरी मोकळ्या प्लॉटवर खुंटाला बांधलेली दिसते. चाकण, खेड, भोसरीकडच्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी धावते. 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवल्यापासून घाट पुन्हा गजबजले आहेत. शिवाय मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर. त्यांच्या वाड्याचा सारा संसार तट्टांच्या पाठीवर असतो. भीमा खोऱ्यातल्या या काटक तट्टांची ‘भीमथडी’ ही स्वतंत्र जात म्हणून अलीकडेच अधिकृत नोंद झाली आहे.

यातलं एखादं जनावर मालकाच्या उपयोगाचं राहत नाही, तेव्हा त्याच्या खुरांची कहाणी सुरू होते.

आपली नखं ज्या केराटिनची बनलेली असतात, त्याच केराटिनची खुराची भिंत असते. घोड्याचा खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. वरच्या केसांच्या कडेपासून पुढच्या टोकापर्यंत नवा खूर उतरायला 9 महिने ते वर्ष लागतं. कोरड्या, दगडधोंड्यांच्या मुलखात दिवसभर चालणाऱ्या जनावराचा खूर जेवढा वाढतो तेवढाच झिजतो. म्हणूनच रोज डांबरी रस्त्यावर ओझं वाहणाऱ्या गाढवाचे खूर सहसा लांब होत नाहीत. त्याची दुखणी वेगळी असतात: झिजून पातळ झालेला तळवा, पाठीवरच्या जखमा, सांध्यांची सूज. लांब खूर असतात ते बेकार झालेल्या जनावराचे. बांधकामावर लिफ्ट आली, तयार काँक्रीटचा मिक्सर आला, जेसीबी आला; गाढवाचं काम गेलं. पुढचे दोन पाय दोरीने जखडून त्याला ओल्या, मऊ जमिनीवर सोडून दिलं, की झीज थांबते आणि वाढ चालूच राहते.

आकडेही तेच सांगतात. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशात जेमतेम 1 लाख 20 हजार गाढवं उरली. 2012 च्या तुलनेत 61 टक्के कमी. महाराष्ट्रात ती सुमारे 18 हजार होती. संख्या घटली तशी त्यांच्याभोवतीची माणसंही पांगली. नाल ठोकणारा नालबंद कुठे रिक्षा चालवू लागला, कुठे वेल्डिंगला लागला. उरलेल्या जनावरांच्या वाट्याला मग ना काम, ना कानस.

वर्ष-दीड वर्ष असं गेलं की खुराचं टोक पुढे लांबतं, मोजडीसारखं वर वळतं. जनावर टाचेवर रेलून चालू लागतं. पायामागच्या स्नायुबंधांवर ताण येतो, सांधे वाकड्या कोनात बसतात. बाहेरून दिसते ती फक्त विचित्र चाल. खरा घोटाळा आत असतो. खुराच्या आत एक लहानसं हाड असतं आणि ते नाजूक पापुद्र्यांनी भिंतीला जोडलेलं असतं. हे पापुद्रे सुजले की त्याला लॅमिनायटिस म्हणतात. मराठीत त्याला धड एक रूढ शब्द नाही. गावाकडे ‘पाय भरले’, ‘पाय धरले’ म्हणून मोकळे होतात. सूज टिकली तर हाडाची पकड सुटते, ते आतल्या आत फिरतं किंवा खाली सरकतं. अगदी वाईट अवस्थेत ते तळव्यातून बाहेर येतं. असं जनावर वाचवायचं की वेदनेतून सोडवायचं, हा निर्णय भावनेवर न सोडता पशुवैद्यावर सोडावा लागतो.

इथे गाढव आणि घोडा यांच्यातला एक फरक सुटका करणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवा. घोडा दुखणं दाखवतो. गाढव ते गिळतं. ते आडवं पडलेलं नाही, ओरडत नाही, भाकरी पुढे केली तर तोंडही हलवतं, म्हणजे बरं आहे असा समज होतो आणि दोन दिवसांनी ते उठत नाही. लॅमिनायटिसची साधी खूण अशी: खुराच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला बोटं हलकेच टेकवायची. निरोगी पायात तिथली नाडी शोधावी लागते. सुजलेल्या पायात ती बोटाखाली ठणठण उडते आणि खूर हाताला गरम लागतो. उभं राहताना जनावर पुढचे पाय आणखी पुढे टाकून मागे रेलत असेल, तर शंकेला जागाच उरत नाही.

बहुतेक उत्साही मंडळींची चूक पहिल्याच दिवशी होते. जनावर टेम्पोतून उतरवलं की कुणीतरी पकड आणतं, लांब टोक तोडतं, आधीचा आणि नंतरचा फोटो काढतं. फोटो छान येतो. पण वर्षभर वाकड्या कोनात जगलेले स्नायुबंध एका तासात सरळ होत नाहीत, आणि वाढलेल्या खुरात जिवंत भाग नेमका कुठे सुरू होतो हे वरून कळत नाही. कापणी चुकली तर रक्त येतं, जंतू शिरतात. म्हणून आधी एक्स-रे. हाड कुठे आहे हे दिसल्यावरच किती कापायचं ते ठरतं, आणि कापणीही हप्त्याहप्त्याने, काही आठवड्यांच्या अंतराने करायची. आधी वेदनाशामक औषध, मग थोडी कापणी, मग विश्रांती. गाढवाला औषधाची मात्रा घोड्याच्या हिशेबाने देऊन चालत नाही. तोही पशुवैद्याचाच प्रांत.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहण्यासारखं असतं. कामगार जनावराच्या शेपटीकडे तोंड करून खांद्याजवळ उभा राहतो. एक हात खांद्यावरून खाली, गुडघ्यामागून घोट्यापर्यंत हळूहळू उतरवतो आणि पाय उचलतो. तोही फार वर नाही, कारण आखडलेला सांधा वाकत नाही. आकडीने आधी तळव्यात घट्ट बसलेलं शेण, माती, खडे निघतात. पाठोपाठ वास येतो, कुजका आणि तिखट. काळा द्रव झिरपत असेल तर तळव्यातल्या लवचिक त्रिकोणी भागाला संसर्ग झालेला असतो. वाकड्या सुरीने मेलेला, भुसभुशीत थर सोलला जातो. भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथली फिकट रेघ दिसू लागली की कापणाऱ्याला नकाशा मिळतो. मग पकडीने टोक, शेवटी कानस. दोनेक मिनिटांनी पाय खाली ठेवायचा, कारण तोवर बाकीच्या तीन दुखऱ्या पायांवर सगळा भार असतो. शेजारी त्याचं सोबतीचं गाढव उभं असेल तर निम्मं काम आपोआप होतं.

या सोबतीची गोष्ट हळवेपणाची नाही, वैद्यकीय आहे. गाढवं जोडीने राहतात. जोडी तुटली की ती खाणं सोडतात, आणि खाणं सुटलेल्या गाढवाच्या रक्तात चरबी उतरू लागते. हायपरलिपिमिया नावाचा हा विकार यकृत आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतो. खूर बरे होत असताना जनावर यानेच दगावू शकतं. त्यामुळे दोन गाढवं सापडली तर दोन्ही आणायची; एकालाच गाडीत घालणं म्हणजे अर्धी सुटका.

मग येतो खाण्याचा प्रश्न, आणि इथे आपली पुण्य कमावण्याची सवय आडवी येते. खंगलेलं जनावर दिसलं की लोक गूळ, पाव, शिळ्या पोळ्या, मुठीने हरभरे घेऊन येतात. दुखऱ्या खुरांच्या जनावराला साखर आणि पिठूळ खाणं विषासमान. पावसाळ्यात लुसलुशीत वाढलेलं हिरवं गवतही बेतानेच. गाढव मुळातच कोरड्या, चोथ्याच्या चाऱ्यावर जगणारा प्राणी आहे. ज्वारीचा कडबा, गव्हाचं काड, कोरडं गवत हाच त्याचा मुख्य आहार. अगदी उपाशी राहिलेल्या जनावराला तर एकदम पोटभर देणंही धोक्याचं. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा द्यायचं आणि वजन सावकाश वाढू द्यायचं.

उभं राहायची जागा कोरडी आणि मऊ हवी. मावळात भाताचा पेंढा सहज मिळतो. जाड थराची स्वच्छ वाळूही चालते, तळव्याला खालून आधार देते. लॅमिनायटिसच्या रुग्णाच्या खुराखाली जाड फोमचा तुकडा कापून चिकटपट्टीने बांधायची पद्धत जगभर वापरली जाते. चाकणच्या कारखान्यांत सुटे भाग बांधून येतात तो घट्ट फोम भंगारात किती जातो हे तिथल्या माणसाला सांगायला नको. पशुवैद्याने दाखवून दिलं तर त्यातला हातभर तुकडा एका जनावराचा ठणका कमी करू शकतो.

याच पट्ट्याची दुसरी बाजूही आहे. रस्त्याकडेला पडलेले खिळे, पत्र्याचे कपटे, लेथमधून निघालेली लोखंडी कात. तळव्यात खिळा घुसला की आत पू साचतो आणि काल चालणारं जनावर आज पाय टेकत नाही. घोडा, गाढव, खेचर यांना धनुर्वात फार लवकर होतो. त्यामुळे पायाची जखम कितीही लहान असो, धनुर्वाताची लस टाळता येत नाही. नव्याने आणलेलं जनावर काही काळ वेगळं ठेवायचं तेही अशाच कारणाने. ग्लँडर्स हा घोडावर्गातला रोग माणसालाही होतो, आणि बराच काळ नाहीसा झाल्यासारखा वाटल्यानंतर 2006 साली तो महाराष्ट्रात पुन्हा आढळला होता. नाकातून चिकट स्राव, कातडीवर गाठी दिसल्या तर हात लावण्याआधी पशुसंवर्धन खात्याला कळवावं लागतं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही पुण्यापासून फार लांब नाही.

कायदा काय म्हणतो? 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. आज एवढ्यात वडापावच येतो. ओझ्याचे नियम 1965 चे आहेत. गाढवावर जास्तीत जास्त 50 किलो. तीन किलोची वीट धरली तर सोळा विटा! दिवसात नऊ तासांहून जास्त काम नाही, आणि पारा 37 अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. त्याच 1965 साली आणखी एक नियमावली निघाली, ती मात्र सगळे विसरले: नाल ठोकणाऱ्याने परवाना घ्यावा. म्हणजे साठ वर्षांपूर्वी सरकारला हा धंदा परवाना देण्याइतका महत्त्वाचा वाटत होता. आज परवाना तपासायचा म्हटलं तरी आधी माणूस शोधावा लागेल.

मालकाला खलनायक ठरवणं सोपं असतं. पण वडार, बेलदार, कुंभार कुटुंबातल्या ज्या माणसाचं पोट गाढवावर चालत होतं, त्याला खूर दर सहा ते दहा आठवड्यांनी बघायचे असतात हे सांगणारंच कुणी भेटलेलं नसतं, आणि सांगितलं तरी करून देणारं नसतं. सांगली-सोलापूर भागात 2003 पासून काम करणाऱ्या ‘अ‍ॅनिमल राहत’ या संस्थेने म्हणूनच मालकांना बरोबर घेतलं. वीटभट्टीवाल्यांना गाढवांऐवजी यंत्राकडे वळायला मदत केली आणि थकलेली जनावरं निवृत्त करवून घेतली. याउलट माथेरानमध्ये वाद पेटला तो थेट खुराखालच्या जमिनीवरून. पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात अशी तक्रार अश्वपालांनीच केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या 2015 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, तेव्हा गाडी थांबवायचा आदेश निघाला. घोड्यांच्या पुढच्या आयुष्याची तजवीज हा प्रश्न मात्र मागेच रेंगाळला.

पौष पौर्णिमेला जेजुरीत, खंडोबाच्या यात्रेत, बंगाली पटांगणावर गाढवांचा बाजार भरतो. गावरान आणि काठेवाडी अशी दोन्ही जनावरं येतात, जबडा उघडून दात पाहिले जातात आणि दोन दात, चार दात, अखंड, जवान असे भाव ठरतात. खुरांची चौकशी फारशी ऐकू येत नाही. राज्यातली इतकी गाढवं आणि त्यांचे मालक एका मैदानावर दुसऱ्या कुठल्या दिवशी क्वचितच सापडतील. शिरवळचे विद्यार्थी, पुण्यातल्या प्राणिमित्र संस्था आणि पशुसंवर्धन खातं यांनी तिथे दोन दिवस पाल ठोकलं, धनुर्वाताच्या लसी आणि खूर कापायचं सामान ठेवलं, आणि मालकांच्या दहा-वीस पोरांना हाताला धरून पाय उचलायला, खूर घासायला शिकवलं, तर पुढच्या वर्षी त्याच पोरांना गावोगाव या कामाचे पैसेही मिळू शकतील. सामानाची यादी लहान आहे: आकडी, वाकडी सुरी, पकड आणि मोठी कानस. यातलं बरंचसं भोसरीतच बनवून मिळेल.