नागरिकशास्त्राचे अध्यासन

पर्यावरण-नियोजन हा विषय आपल्या विद्यापीठांनी अलीकडेच परदेशांतून आणविला, अशी जी समजूत सुशिक्षितांत रूढ आहे ती मुंबई विद्यापीठाच्या इतिहासापुढे टिकत नाही. कारण १९१९ साली याच विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग स्थापन करून त्याच्या प्राध्यापकपदी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाची नेमणूक केली, आणि भूमी, जल, व्यवसाय व वस्ती यांचा एकत्र विचार केल्यावाचून कोणतीही नगररचना सिद्ध होत नाही, हे त्यांचे सूत्र त्या अध्यासनाबरोबरच येथे आले.

१८५४ साली जन्मलेल्या गेडिस यांनी लंडनमध्ये हक्सलीच्या हाताखाली जीवशास्त्राचे अध्ययन केले होते. १८७९ साली मेक्सिकोत असता त्यांची दृष्टी काही काळ गेली, सूक्ष्मदर्शकाचे काम अवघड झाले, आणि सजीव व त्याचा परिसर यांमधील जे नाते ते भिंगाखाली पाहत होते तेच माणसाच्या वस्तीत शोधण्याकडे पुढे त्यांची बुद्धी वळली. १८९२ साली एडिंबरा येथे एक मनोरा घेऊन त्यांनी त्याचे संग्रहालय केले: माथ्यावर सभोवतालचे शहर मेजावर प्रतिबिंबित करणारी काळोखी खोली, तिच्या खालच्या मजल्यावर एडिंबरा, त्याखाली स्कॉटलंड, पुढे युरोप आणि अगदी तळाशी जग. स्वतःचे गाव पाहिल्यावाचून विद्यार्थ्याला जगाकडे जाण्याची वाटच राहू नये, ही त्यांतील योजना मला आजही थोर वाटते.

त्यांच्या अध्यापनाचा मुख्य आधार म्हणजे नदीखोऱ्याचा उभा छेद. डोंगरात खाणकामगार, लाकूडतोड्या व शिकारी, उतारावर मेंढपाळ, त्याखाली शेतकरी आणि नदीच्या मुखाशी कोळी, असा स्थळ, कर्म व लोक यांचा अन्वय तो एका रेषेत दाखवी. हा छेद आपल्या कोकणास जितका चपखल लागू पडतो तितका क्वचितच अन्यत्र पडत असेल. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री पोलादपूर, महाड अशी उतरत बाणकोटच्या खाडीस मिळेपर्यंत जंगल, वरकस जमिनीवरील नाचणी, खाचरांतील भात, खारजमिनी आणि कोळीवाडे अशी सारी सृष्टी ओलांडून जाते. आणि माथ्यावर कुऱ्हाड चालली की मुखाशी गाळ साचतो, हे त्या छेदावरून शाळकरी पोरासही उमगावे.

गेडिस हिंदुस्थानात आले ते १९१४ साली, मद्रासच्या गव्हर्नराच्या निमंत्रणावरून. त्यांचे नगरप्रदर्शन ज्या जहाजावर होते ते एमडेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले, तेव्हा त्यांनी नवी सामग्री जमवून प्रदर्शन पुन्हा उभे केले. त्या काळी प्लेगाच्या भयाने दाट वस्त्या पाडून सरळ रुंद रस्ते काढण्याच्या तजविजी ठिकठिकाणी मंजूर होत होत्या. गेडिस यांनी तंजावरास गल्लीगल्ली पायी हिंडून दाखवून दिले की, मोजकी पडकी घरे काढून आणि मोकळ्या जागा जोडून हवा व उजेड खेळता करता येतो. अभियंत्यांच्या योजनेचा केवळ पहिला भाग तीस हजार रुपयांचा होता, तर यांची संपूर्ण दुरुस्ती पाच हजारांत होत होती. त्यातून वाचत होते ते केवळ द्रव्य नव्हे, तर कोणाची तरी राहती घरे.

होळकरांच्या इंदुरातील त्यांची कामगिरी तर प्रत्येक नियोजकाने अभ्यासावी अशी आहे. नकाशा हाती घेऊन घरांकडे निरखीत हिंडणारा हा म्हातारा साहेब प्लेग आणतो, असा प्रवाद शहरात उठला होता. तेव्हा एका दिवसापुरता राजाधिकार मागून घेऊन त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढविली, आणि ज्या मोहल्ल्यांतील घरे सर्वांत स्वच्छ होतील त्यांवरूनच ती जाईल असे जाहीर केले. शहरभर झाडलोट व रंगसफेदी सुरू झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस व प्लेगाचा उंदीर निघाले आणि लक्ष्मीचा रथ गेला. दंडाच्या हुकुमाने जे होत नव्हते ते सणाने झाले. १९१८चा त्यांचा इंदूर-अहवाल दोन खंडांचा आहे, आणि धोरण म्हणजे लोकांनी आपखुशीने उचललेले काम, हा त्याचा आशय आहे असे मी समजतो.

१९२४ साली गेडिस फ्रान्समध्ये माँपेलियेस जाऊन राहिले. मुंबईचा विभाग मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आला व जातिसंस्थेच्या अध्ययनाने कीर्तिमंत झाला. नागरिकशास्त्राचे अंग मात्र क्षीण झाले, हे मला दुःखद वाटते. १९५५ साली दिल्लीत नगर व ग्रामरचनेची स्वतंत्र संस्था निघाली, आणि तिच्याच आजच्या रूपात पर्यावरण-नियोजन ही पदव्युत्तर शाखा शिकविली जाते. माती, उतार, पाणी व वनस्पती यांचे नकाशे एकावर एक ठेवून जमिनीचे सामर्थ्य ठरविणे, कायदा वाचणे आणि प्रकल्पाचा आघात-अहवाल तयार करणे, हे तिथल्या विद्यार्थ्याचे काम.

त्या अहवालाविषयी मात्र मला एक तक्रार नोंदवावीशी वाटते. १९९४च्या केंद्रीय अधिसूचनेने संक्षिप्त अहवालास एका ऋतूची माहिती, आणि तीही पावसाळा वगळून, पुरेशी मानली. २०२१च्या जुलैत घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस सावित्रीवाटे उतरून महाड पाण्याखाली गेले. त्या खोऱ्याचा जानेवारीत केलेला अभ्यास, तो कितीही काटेकोर असला, तरी कोणती नदी पाहून लिहिलेला असेल? सह्याद्रीच्या पायथ्याशी हा विषय शिकवायचा तर क्षेत्राभ्यासाचे सत्र आषाढात ठेवावे लागेल, आणि विद्यार्थ्यांना इरली देऊन बांधांवर न्यावे लागेल.