वजननियंत्रण : उष्मांकांची मोजणी आणि आहाराची गुणवत्ता
(विशेष संदर्भ : पालघर जिल्हा)

प्रस्तावना : जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात नागली (नाचणी), वरई व उडीद ही परंपरागत पिके होत. बोईसर-तारापूर औद्योगिक पट्ट्यात मात्र पाळीच्या कामगारास वडापाव व बिस्किटे सहज उपलब्ध असतात. वजन घटविण्यासाठी केवळ उष्मांक मोजणे पुरेसे आहे काय, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

विवेचन : उष्मांकांची तूट झाल्याशिवाय वजन घटत नाही, हे निर्विवाद. तथापि ती तूट टिकणे अन्नाच्या स्वरूपावर अवलंबून असते. अमेरिकेतील केविन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० प्रौढांना अतिप्रक्रियायुक्त व प्रक्रियाविरहित आहार प्रत्येकी दोन आठवडे देण्यात आला. वाढलेल्या अन्नातील उष्मांक, साखर व स्निग्धांश समान होते. हवे तितके खाण्याची मुभा होती. पहिल्या आहारात दररोज सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक सेवन होऊन वजन सरासरी ०.९ किलो वाढले. दुसऱ्यात तेवढेच घटले.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३२० किलोकॅलरी व ११ ग्रॅम तंतू, तर मैद्यात सुमारे ३५० किलोकॅलरी व ३ ग्रॅमहून कमी तंतू असतात. उष्मांकांतील अंतर अल्प, तंतूंतील जवळजवळ चौपट आहे.

निष्कर्ष : मोजणी प्रमाण सांगते, भूक आवरते ती गुणवत्ता. कामगाराच्या डब्यात नागलीची भाकरी व उडदाची आमटी येणे म्हणूनच हितावह. मात्र कुपोषणग्रस्त पाड्यांवर प्रमाण व गुणवत्ता दोन्ही वाढविणे अगत्याचे आहे. तेथे उष्मांक घटविण्याचा उपदेश गैरलागू ठरतो.