कळसूबाईपेक्षा उंच खुर्ची

सांगलीला विमानतळ नाही. कवलापूरला धावपट्टी आहे. तिच्यावरून विमानांपेक्षा आश्वासनांचीच उड्डाणं जास्त झाली. तरी सांगली जिल्हा विमानात बसतो. कोणी पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरच्या उजळाईवाडीहून, कोणी बेळगावच्या सांबऱ्याहून, तर कोणी खंबाटकी घाट ओलांडून पुण्याहून किंवा थेट मुंबईहून. त्यात लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेली आई असते, काशीला निघालेले निवृत्त गुरुजी असतात. आणि असतात विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले.

फुप्फुसाचा आजार आणि विमानप्रवास या विषयाला गलाईवाले फार जवळचे. दुष्काळाने गावाबाहेर काढलेली ही माणसं केरळपासून पंजाब-आसामपर्यंत पसरली. जुने दागिने आणि सोनारांच्या दुकानातला कचरा मुशीत वितळवायचा, नायट्रिक ॲसिडात टाकायचा आणि शुद्ध सोनं-चांदी वेगळी काढायची, हा त्यांचा धंदा. ॲसिडात चांदी-तांबं पडलं की तांबूस धूर उठतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. एकदम जास्त छातीत गेला तर काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. थोडा थोडा, बंद खोलीत, वर्षानुवर्षं गेला तर श्वासनलिका सुजत राहतात. पन्नाशीला धाप लागायला लागते आणि घरचे म्हणतात, वयाचं आहे.

छाती अधू करायला आपल्याकडे गलाईच लागते असं नाही. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या, बिडी-सिगारेटला कधी न शिवलेल्या बाया सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसवणारा आजार, घेऊन तपासणीला येतात. उसाच्या जुन्या, बुरशी धरलेल्या चिपाडाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला वैद्यकात बगॅसोसिस असं स्वतंत्र नाव आहे. सूतगिरण्यांतला कापसाचा फुफाटा निराळा. आणि क्षयरोग बरा झाल्यावर मागे राहणारे व्रण. २०१६ साली देशात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला होता, आज त्यातले कितीतरी जण विमानाचं तिकीट परवडणारे झाले असतील.

एके काळी छातीच्या रोग्याला मुद्दाम उंचावर नेत. पाचगणीचं बेल-एअर सॅनिटोरियम डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ साली काढलं ते थंड, कोरड्या, उंचावरच्या हवेसाठी. त्यापुढे मिरज-सांगलीच्या मधलं वानलेसवाडीचं सॅनिटोरियम सपाटीवरचं, पण नावाजलेलं. उंच हवा म्हणजे चांगली हवा, ही समजूत पाचगणीसारख्या ठिकाणांवरून आपल्या घरांत रुजली असावी.

आता मुलगा तिकीट काढतो ते मायेपोटी. “आबांना रेल्वेचे हाल नकोत, दोन-तीन तासांत पोचतील.” हिशेब बरोबर वाटतो: बसायचं, डुलकी काढायची, उतरायचं. पण फुप्फुसांना विचारलं तर विमान हा एक डोंगरच आहे. ते पस्तीस हजार फुटांवर उडत असताना आतला दाब वाढवलेला असतो, पण जमिनीइतका नाही. एरवीच्या उड्डाणात आतली हवा आठ हजार फुटांवरच्या हवेपेक्षा विरळ होऊ द्यायची नाही, एवढाच नियम. सांगली अठराशे फुटांवर, महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आसपास, कळसूबाई ५,४००. म्हणजे पट्टा बांधून बसलेले आबा अर्ध्याएक तासात कळसूबाईच्या वर, कदाचित उटीच्याही वर पोचलेले असतात. हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच असतो, पण दाब घटल्यामुळे शरीराला तो समुद्रसपाटीवरच्या १५ टक्क्यांइतकाच पुरतो.

यामागे सोय यंत्राची आहे. आत दाब जितका जास्त, तितका विमानाचा सांगाडा भक्कम आणि जड लागतो. दाबयुक्त केबिनचं पहिलं प्रवासी विमान, बोइंग स्ट्रॅटोलायनर, १९४० साली सेवेत आलं, तेव्हापासून आठ हजार फुटांचा आकडा टिकून आहे. धातूऐवजी मोठ्या प्रमाणात कार्बन-तंतूंचं अंग असलेली बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० ही विमानं आतली हवा सहा हजार फुटांवर राखू शकतात; अमेरिकेच्या लांब प्रवासात तिकिटाच्या दरापेक्षा विमानाचा प्रकार बघणं शहाणपणाचं. गंमत म्हणजे कोल्हापुरात उतरणारं पंख्याचं छोटं एटीआर, ज्याला घरचे घाबरतात, ते पंचवीस हजार फुटांच्या वर जातच नाही. फुप्फुसांना ते मोठ्या जेटपेक्षा बहुधा सौम्यच.

निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजनही विमानात नव्वद-चौऱ्याण्णव टक्क्यांपर्यंत उतरतो आणि त्याला पत्ता लागत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचं गणित कासच्या पठारासारखं आहे: पठारावर चार पावलं मागे सरलात तरी बिघडत नाही, कड्याशी उभे असाल तर एक पाऊलही महागात जातं. घरीच ९१-९२ वर असलेला माणूस त्या कड्याशी उभा असतो. त्यात वाईट हे, की घसरण जाणवेलच असं नाही. १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून तीन फ्रेंच संशोधक आठ हजार मीटरच्या वर गेले. ऑक्सिजनच्या पिशव्या जवळ होत्या, पण त्या तोंडाशी न्यायला हातात त्राण उरलं नाही. एकटे गॅस्तों तिसांदिए जिवंत उतरले. विमानात एवढं घडत नाही, हे खरंच. पण आबा “शांत झोपले आहेत” यावर फार विसंबू नये.

म्हणून ‘फिट टू फ्लाय’ दाखल्याबद्दल माझा राग आहे. चेहरा बघून, छातीला नळी लावून दिलेल्या दाखल्यात आठ हजार फुटांचं काहीच नसतं. खरी तपासणी ठाऊक आहे: वीस मिनिटं १५ टक्के ऑक्सिजनची हवा द्यायची आणि रक्तातला ऑक्सिजन पाहायचा, ८५ च्या खाली गेला तर विमानात मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन द्यावा, असं ब्रिटिश छातीतज्ज्ञांची संघटना सांगत आली. ही सोय तालुक्याच्या गावी कुठली मिळायला? पण २०२० च्या साथीने आपल्याला एक साधन शिकवलं आहे. बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं चालायचं, हे तेव्हा वाडीवस्तीवर आशाताईंनी घरोघर सांगितलं. ते ऑक्सिमीटर आजही कपाटात पडून आहेत. चालल्यावर आकडा धडाधड उतरत असेल, तर तिकिटाआधी छातीच्या डॉक्टरांकडे जायचं, तेही महिनाभर आधी. प्रमाणपत्रापेक्षा ही सहा मिनिटं मला जास्त बोलकी वाटतात.

“विमानात मास्क असतातच की!” हे मी फार ऐकलं. छतातून पडणारे ते मास्क दाब अचानक गेला तर वापरायचे. बऱ्याच विमानांत त्यांचा ऑक्सिजन रासायनिक क्रियेतून तयार होतो आणि बारा ते वीस-बावीस मिनिटंच पुरतो, तेवढ्यात वैमानिकाने विमान खाली आणायचं असतं. आजारी माणसासाठी ते नाहीत. स्वतःचा सिलिंडरही सहसा नेऊ देत नाहीत. उरतं ते बॅटरीवरचं छोटं ऑक्सिजन मशीन, पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर, किंवा कंपनीकडून आगाऊ मागवलेला ऑक्सिजन. दोन्हींसाठी डॉक्टरांनी भरलेला फॉर्म निदान दोन-तीन दिवस आधी द्यावा लागतो. बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या हव्यात, आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच. खालच्या सामानात लिथियम चालत नाही. घरी ऑक्सिजनवर असलेल्याला प्रवाह वाढवून लागतो, पण किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. सीओपीडीच्या काही रुग्णांना जास्तीचा ऑक्सिजनही बाधतो. श्वासाचा पंप (इनहेलर) आणि त्याला जोडायची नळी, स्पेसर, जवळच ठेवायचे. ही सूचना हास्यास्पद वाटते, पण पंप सुटकेसमध्ये आणि सुटकेस विमानाच्या पोटात, हा प्रकार नेहमीचा आहे.

काहींनी मात्र चढूच नये. फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल, म्हणजे न्यूमोथोरॅक्स झाला असेल, तर वर गेल्यावर कोंडलेली हवा एक-तृतीयांशाने किंवा त्याहूनही जास्त फुगते. एक्स-रेवर फुप्फुस पूर्ण उघडल्यावरही आठवडाभर थांबायचं. संसर्गजन्य क्षयरोग असेल तर औषधं सुरू होऊन किमान दोन आठवडे प्रवास नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषधांना दाद न देणारा क्षय असेल तर वाट पाहणं आणखी लांबतं. क्षयरोगाचा हा नियम मागच्या-पुढच्या रांगांतल्या सहप्रवाशांना जपण्यासाठी आहे, विशेषतः आठ तासांहून लांबच्या प्रवासात.

घाबरवण्याचा हेतू नाही. पाच विमान कंपन्यांच्या २००८ ते २०१० मधल्या नोंदींवरच्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ६०४ उड्डाणांमागे एकदा वैद्यकीय अडचण आली होती, आणि त्यातल्या जेमतेम बारा टक्के श्वासाच्या होत्या. नीट तयारी केलेले बहुतेक रुग्ण जाऊन येतात. कित्येकांची दमछाक जमिनीवरच होते: दूरवरचा गेट, शिडीच्या पायऱ्या, हातात बॅग. व्हीलचेअर मागायला आपल्या माणसांना लाज वाटते. ती मागावी, तिकीट काढतानाच.

खरी काळजी हेलिकॉप्टरची. विमानाच्या केबिनमध्ये निदान दाब राखलेला असतो. केदारनाथला नेणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये तोही नाही. पायथ्याकडच्या फाटा गावाहून काही मिनिटांत यात्रेकरू ३,५८३ मीटरवर, म्हणजे पावणेबारा हजार फुटांवर. दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश, शरीराला सवय व्हायला वेळ शून्य, आणि वर थंडी. चालत जाणाऱ्याला धाप निदान वाटेत अडवते; हेलिकॉप्टर ती अडवणूकच काढून टाकतं. अमरनाथच्या नोंदणीला आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचं आहे, ते उगाच नाही. चालण्याच्या चाचणीत सांगलीतच ८८ वर उतरणाऱ्या माणसाला चारधामचं पॅकेज विकलं जाऊ नये. त्याला पंढरपूर आहे. ते सांगलीपेक्षाही खाली आहे आणि मिरजेहून रेल्वे जाते.