निवडुंगाचं फळ : आधी ओळख, मग लागण



यंदा ऊस नोंदीच्या वेळी गटागटांतून एकच विचारणा झाली. "साहेब, माळाच्या तुकड्यात ड्रॅगन फ्रूट लावू का?" एका सभासदाने तर फांदीच ऑफिसात आणली. शेजारगावच्या कुंपणातली, तीन धारांची, फुकट मिळालेली. ब्लेडने जराशी चीर दिली, तर पांढराफेक चीक भळभळा वाहू लागला. तो कुंपणाचा तीनधारी निवडुंग. त्याला ड्रॅगनचं फळ जन्मात येणार नाही, आणि चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा व्हायची.

नावाला दोन्ही निवडुंगच, पण घराणी निराळी. फळाचे निवडुंग मूळचे अमेरिका खंडातले. त्यांच्या अंगावर ठिकठिकाणी लवेची बारीक गादी असते आणि तिच्यातून काट्यांचा झुबका निघतो. चीर दिली तर पाण्यासारखा चिकट रस येतो. तीनधारी, शेर यांना मात्र दूध येतं. आपल्या शिवारात एवढी खूण पुरते. चीर देताना तोंड लांब ठेवा आणि हात लगेच धुवा.

फड्या निवडुंग तर आपल्या ओळखीचाच. पूर्वी माळरानं त्यानं भरलेली असत. १९२६ साली श्रीलंकेतून आणलेल्या कापसासारख्या पांढऱ्या किडीनं त्याचं रान पुष्कळ साफ केलं. त्याचं गर्द लाल बोंड खाता येतं, पण वरची कुसळं डोळ्यांना दिसतही नाहीत. लहानपणी मी बोंड तसंच दातानं फोडलं होतं. आईला रात्री कंदिलापाशी बसून माझ्या जिभेतली कुसळं वेचावी लागली. बोंड चिमट्यानं तोडावं, विस्तवावर फिरवून कुसळं जाळावीत, मग सोलावं. बिया कठीण असतात, फार गिळू नयेत. याची मुद्दाम लागण मात्र करू नका. बांधावरून शेतात शिरला की आवरत नाही.

आता ड्रॅगन फ्रूट. हाही निवडुंगच, पण वेल. त्याला खांब लागतो. १० बाय १० फुटांवर खांब धरले तर एकरी ४३५ खांब, आणि खांबाला चार रोपं म्हणजे १,७४० रोपं. जमिनीवर पाच फूट खांब, त्यावर सिमेंटची कडी किंवा जुना टायर, म्हणजे फांद्या छत्रीसारख्या खाली लोंबतात. फळ या लोंबत्या फांद्यांना धरतं. खर्चाचा मोठा वाटा या खांबांचाच, तेव्हा हिशेब आधी कागदावर मांडा.

काडी वीतभर घ्यावी आणि जखम सुकेपर्यंत पाच-सात दिवस सावलीत ठेवावी. ओली काडी मातीत घातली की कुजते. फूल रात्री उमलतं आणि सकाळी मिटतं. तिथून महिनाभरात फळ तयार होतं. काही लाल गराच्या जातींना दुसऱ्या जातीचा पराग लागतो, म्हणून रोपं घेताना तेवढं विचारून घ्या. एप्रिल-मेच्या उन्हात फांद्या पिवळ्या पडून भाजतात, तेव्हा सावलीची जाळी बरी.

जमीन मात्र मुरमाड, निचऱ्याची हवी. आपल्या एका सभासदाने खोडवा मोडून काळ्या रानात ड्रॅगन लावला आणि उसासारखं पाटानं पाणी सोडलं. पहिल्याच पावसाळ्यात बुडखे मऊ पडून निम्मी रोपं गेली. खांब तेवढे उभे आहेत. उसाचं रान मोडून हे पीक करू नका. ऊस कारखाना तोडून नेतो. हे फळ आपणच तोडायचं, भरायचं आणि गिऱ्हाईक शोधायचं. उसाला पाणी पोचत नाही असा माळाचा तुकडा असेल, तर पाच-दहा खांबांवर दोन वर्षं अनुभव घ्या. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत या पिकावर काम झालं आहे. एकदा जाऊन पाहून या.

कुठल्या फांदीविषयी शंका असेल तर शेतकी ऑफिसात जरूर आणा. फक्त पिशवीत घालून आणा, उघड्या हातात धरून नको.

– ऊस विकास अधिकारी